झाकण लावताच बिघडणारा रिसीव्हर

आकाशातल्या हायड्रोजनचे १४२०.४ मेगाहर्ट्झवरचे रेडिओ संकेत टिपणाऱ्या ज्या घरगुती रिसीव्हरची चाचणी पूर्ण झाल्याचे मी मागच्या नोंदीत लिहिले होते, तो त्याच आठवड्यात पुन्हा टेबलावर आला. त्याचा धातूचा डबा उघडा असताना वाय-फॅक्टर, म्हणजे गरम स्लॅब आणि थंड आकाश यांच्याकडे रोखल्यावर मिळणाऱ्या शक्तींचे गुणोत्तर, ६.१ डीबी (डेसिबल) मिळत होता, म्हणजे आकाश १५ आणि गच्चीचा स्लॅब ३०५ केल्व्हिन धरल्यास रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाचे तापमान (जितके कमी तितके चांगले) सुमारे ८० केल्व्हिन. पण झाकणाचे चार स्क्रू आवळले की तोच आकडा ३.२ वर घसरे आणि एसडीआरच्या (संगणकाला जोडलेल्या सॉफ्टवेअर-रेडिओच्या) पडद्यावर १४१८ मेगाहर्ट्झजवळ काठीसारखी सरळ रेघ उभी राही.

घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्याचा पहिला संशय समोरच्या मोबाइल टॉवरवर जातो. मात्र हॉर्न (कर्ण्यासारखा अँटेना) काढून त्याजागी ५० ओहमचे टर्मिनेशन (बाहेरचे काहीही न टिपणारा रोधक) लावले, वीजपुरवठा बॅटरीवर घेतला, केबल बदलली, तरी रेघ हलली नाही. चौथ्या रात्री झाकण न आवळता नुसते वर ठेवले आणि बोटाने हळूहळू सरकवले, तेव्हा रेघही त्याच्याबरोबर सरकू लागली. डबा आतून मोजला, तो १८ बाय १३ सेंटीमीटर भरला. एवढ्या बंद धातूच्या पोकळीची सर्वांत खालची अनुनाद-वारंवारता १४२३ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे हायड्रोजनच्या १४२०.४ च्या अगदी शेजारी! आतले दोन एलएनए (क्षीण संकेत वाढवणारे कमी गोंगाटाचे वर्धक) मिळून ४० डीबी वर्धन देतात. दुसऱ्याचे आउटपुट पोकळीतून पहिल्याच्या इनपुटला पोहोचत होते आणि रिसीव्हर आंदोलक, म्हणजे स्वतःच संकेत निर्माण करणारा, बनत होता. विक्रेत्याने चित्रात दाखवलेले धातूचे कवच दोन्ही एलएनएंवर असते, तर हे टळले असते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या ओतीव अॅल्युमिनियमच्या डब्याविषयी मात्र माझी काहीच तक्रार नाही.

आयसी ज्यात खोवून येतात तो काळा वाहक फोम झाकणाच्या आतून चिकटवला. रेघ नाहीशी झाली, आणि बंद डब्यात ५.९ डीबी हा आकडा मी सलग तीनदा घेतला; तिन्ही वेळा तोच आला. त्या रात्री फार समाधान वाटले.

असाच डबा मुरबाडच्या शेतावर न्यायचा, असे ठरवले होते. १९६५ मध्ये कल्याणला ३२ डिशांची सौर दुर्बीण ६१० मेगाहर्ट्झवर चालत होती. आता तशा रेडिओ-शांततेसाठी कल्याणच्याही पुढे जावे लागते. पण हे लिहितानाच लक्षात आले, की पावसाळ्यात फोम ओल धरेल. त्यापेक्षा मधोमध पितळी पत्र्याची भिंत घालून दोन्ही एलएनए वेगळ्या कप्प्यांत ठेवले, तर प्रत्येक कप्प्याचा अनुनाद २ गिगाहर्ट्झच्या वर जाईल आणि एका कप्प्यात २० डीबीच उरतील. पत्रा कापून झाला आहे. भिंतीतून सिग्नल नेण्यासाठी एसएमए (केबल जोडण्याच्या छोट्या स्क्रू-कनेक्टरच्या) जोडणीचे भोक तेवढे पाडायचे आहे. त्यानंतर झाकण आवळून सहा तासांची चाचणी घेईन, आणि मगच मुरबाड.