शेकमधून न्यूकमध्ये: एका काळ्या कडेपायी

ॲपलने २००९ मध्ये शेक हे कंपोझिटिंगचं, म्हणजे चित्रांचे थर एकावर एक जोडायचं, सॉफ्टवेअर बंद केलं, तरी जुनं मशीन तग धरून होतं तोवर मी ते सोडलं नाही. हात बसला होता. शेवटी न्यूक या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर यावंच लागलं. रोटो (वस्तूची कड हाताने आखणं), ट्रॅकिंग (हालचालीचा माग काढणं) यांत फारसं अडलं नाही. दोन थर जोडणाऱ्या मर्ज नोडमध्ये (एकेका क्रियेचा डबा म्हणजे नोड) ए हा थर वर, बी खाली आणि बीची लाइन सरळ खाली उतरू द्यायची, एवढं डोक्यात बसलं की काम चालतं. शेकची स्क्रिप्ट न्यूकमध्ये उघडत नाही, म्हणून सगळे ट्री (नोडच्या साखळ्या) नव्याने जोडले. कंटाळवाणं काम, पण अवघड नाही.

गाडी अडली ती कडांपाशी. जुन्या कामातली पांढरी अक्षरं होती, आठ बिटच्या टिफ फाइल, अल्फासकट (पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणारा चॅनल). शेकमध्ये ओव्हर (एक थर दुसऱ्यावर ठेवणारा नोड) टाकला की स्वच्छ बसायची. न्यूकमध्ये फाइल तीच, बॅकग्राउंड तोच, आणि प्रत्येक अक्षराभोवती पेन्सिलीने गिरवल्यासारखी काळपट रेघ! मॅट (अल्फाचा आकार) आवळून पाहिला, कडा ब्लर केल्या, मर्जचे सगळे प्रकार फिरवले. ज्याला विचारावं तो म्हणे, "प्रीमल्ट बघ," म्हणजे रंग अल्फाने गुणलाय का ते. अरे बाबा, तेच बघतोय कधीपासून! अनप्रीमल्ट (उलट भागाकार) लावला, प्रीमल्ट लावला (शेकमधले एमडिव्ह आणि एममल्टच ते). रेघ जागची हलेना.

मग उपाय करणं थांबवलं आणि कडेच्या एका पिक्सेलवर कर्सर ठेवून व्ह्यूअरखालचे आकडे वाचले. अल्फा ०.५. अक्षर पांढरं, म्हणजे अल्फाने गुणून रंगही ०.५ हवा. तिथे होता ०.२१.

शेक फाइलमधला आकडा आहे तसा घ्यायचा, तुम्ही सांगाल तेव्हाच त्याला हात लावायचा. न्यूक आठ बिटची फाइल रीड या फाइल वाचणाऱ्या नोडमध्ये घेतानाच एसआरजीबीतून (पडद्यासाठीचे आकडे) लिनियर (प्रकाशाच्या प्रमाणात) करतो, आणि एसआरजीबीतला ०.५ लिनियर झाला की ०.२१ उरतो. अल्फा मात्र जसाच्या तसा. रंग खाली घसरला, अल्फा वरच राहिला, कड काळवंडली. रीडच्या पुढे कितीही अनप्रीमल्ट करा, नुकसान आधीच झालेलं असतं.

आणि उपाय काय, तर रीड नोडमध्येच ‘प्रीमल्टिप्लाइड’ नावाचा एवढासा चौकोन. टिक केली की आधी अल्फाने भागाकार, मग लिनियर, मग पुन्हा गुणाकार. रेघ गायब. आनंद व्हायच्या ऐवजी मला संतापच आला. पण ही टिक डोळे झाकून सगळीकडे करू नका. ज्या रेंडरमध्ये लिनियरमध्येच प्रीमल्ट होऊन नंतर एसआरजीबी केलंय, तिथे हीच टिक कड उलट पेटवते. आधी पिक्सेल वाचा. ईएक्सआर फाइल मिळत असेल तर तीच मागा, ती लिनियरच असते आणि ही भानगडच उरत नाही.

जुन्या ग्रेडचे (रंग-उजेडाच्या दुरुस्तीचे) आकडे उतरवून घेण्यातही वेळ घालवू नका, ते जुळणार नाहीत. पन्नास टक्के पांढरं काळ्यावर ठेवलं तर शेकमध्ये १२८ मिळायचे. न्यूकमध्ये लिनियर बेरीज होऊन पडद्यावर १८८ दिसतात. पांढरा धूर दाट वाटतो तो त्यामुळेच. डोळ्यांनी नव्याने लावा.

डीपीएक्स फाइल सिनिऑन लॉग (फिल्म स्कॅनची लॉगरिदमिक मोजणी) असेल तर शेकच्या सवयीने लॉगचं लिनियर करणारा लॉगलिनसारखा नोड लावू नका. रीडने ते काम आधीच केलेलं असतं, दोनदा केलं की चित्राची वाट लागते. चित्र फ्रेमच्या आत सरकवल्यावर काठाचे पिक्सेल ताणून पट्टे दिसले तर ब्लॅकआउटसाइड नोड टाका.

हो, एक राहिलंच. न्यूकचे नोड कॉपी करून टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट केले तर साधा मजकूर म्हणून उतरतात. वीस-पंचवीस रीडवर टिक करायची असेल तर तिथेच फाइंड-रिप्लेस करा आणि परत पेस्ट करा.