गच्चीवरील बांबूच्या नळ्या आणि ‘माशी’ हा एकच शब्द

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरण्यापूर्वी, नाशिकच्या गंगापूर रोडलगतच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, एकट्याने राहणाऱ्या माश्यांना घर करता यावे म्हणून, मी बांबूच्या ४० नळ्यांची जुडी भिंतीला घट्ट बसवली. प्रत्येक नळी एका बाजूने पेरापाशी बंद आहे, उघडे तोंड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केले आहे, आतील व्यास ४ ते १० मिलिमीटर आणि खोली साधारण १५ सेंटिमीटर आहे. गेल्या वर्षी जुडी दोरीने टांगली होती. ती वाऱ्याने झुलत राहिली, पावसाचे पाणी आत गेले आणि बहुतेक नळ्यांना बुरशी लागली. या वेळी वर पत्र्याचे छप्पर घातले, तोंडे पूर्वेकडे ठेवली आणि मुंग्या चढू नयेत म्हणून आधाराच्या लोखंडी पट्टीला ग्रीस लावले.

नळ्यांच्या वहीसोबत यंदा मी दुसरी वही ठेवली. गच्चीवर कपडे वाळत घालायला किंवा पाण्याची टाकी पाहायला येणारे शेजारी या कीटकांना काय म्हणतात, एवढेच तिच्यात लिहायचे असे ठरवले होते. आठ महिन्यांनंतर ही वही मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. जवळजवळ प्रत्येकाने आधी ‘माशी’ हा शब्द वापरला आणि लगेच ‘चावते का?’ असे विचारले. जगात मधमाश्यांच्या कुळातील २०,००० हून अधिक आणि भारतात ७०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य एकट्याने राहतात. मराठीत मात्र ठळक नावे मिळाली ती मध देणाऱ्यांना आणि दंश करणाऱ्यांना: आग्या, सातेरी, फुलोरी, पोया आणि गांधीलमाशी. बाकी सगळ्या एका शब्दात कोंबल्या गेल्या, आणि त्या शब्दाबरोबर आग्याची भीतीही त्यांच्या वाट्याला आली, असे माझे मत बनले आहे.

सप्टेंबरच्या मध्यास पहिली नळी बंद झालेली दिसली. तोंडावर हिरव्या पानांच्या गोल चकत्या एकावर एक दाबून बसवल्या होत्या, म्हणजे हे मेगाकाइल गटातील पाने कापणाऱ्या माशीचे काम होते. त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरील काकूंनी गुलाबाच्या पानांना कसली तरी कीड लागली म्हणून फवारणीचे औषध आणले होते. मुघल काळात ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत, तेथे गुलाबाबद्दलचा हा हळवेपणा मी समजू शकते. मी त्यांना थांबवले नाही. सकाळी दहाच्या उन्हात कुंडीपाशी माझ्याबरोबर बसण्याची विनंती केली. पंधरा मिनिटांत माशी आली, पानाच्या कडेवर बसून तिने कात्रीने कापावी तशी गोल चकती कापली आणि ती पोटाखाली धरून थेट माझ्या नळीत नेली. ही माशी पान खात नाही, पिल्लाच्या कप्प्याला अस्तर लावते, आणि दोन-चार पानांच्या कडा गेल्याने झाडाचे काही बिघडत नाही, हे काकूंना सांगताच त्या म्हणाल्या, ‘म्हणजे शिंपीणच की ही!’ शिंपी हे नाव आधीच एका पक्ष्याकडे आहे, तरी आमच्या इमारतीत आता ही माशी शिंपीण म्हणूनच ओळखली जाते. औषधाची बाटली उघडलीच गेली नाही.

नावाची ही जादू कुंभारणीच्या बाबतीत मला आयतीच मिळाली. खिडकीच्या चौकटीवर मातीचे लहानसे मडके घडवणारी ही गांधीलमाशीच्या नात्यातील एकटी राहणारी माशी जुन्या पिढीला चांगली माहीत आहे, आणि तिचे घर कोणी सहसा फोडत नाही. तिने कोंडलेली अळी तिचा ध्यास घेऊन तिच्यासारखीच होते, या समजुतीवर भ्रमर-कीटक न्याय उभा आहे. प्रत्यक्षात ती मडक्यात आपले अंडे घालते आणि अळीला दंश करून, लुळे करून त्यात कोंडते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन वाढते. तळमजल्यावरील आजींना हे सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे कोबीवरची अळीही नेते का ही?’ पानांवरच्या अळ्याच तिची शिकार आहेत. तेव्हापासून आजींच्या खिडकीत दोन मडकी सुरक्षित आहेत.

निळ्या पट्ट्यांची अमेगिला माशी नळीत येत नाही, ती मातीत घर करते. ती दिवसभर तुळशीच्या मंजिरीवर असते, आणि तुळशीपाशी कोणी काठी उगारत नाही. टोमॅटो आणि वांग्याचे पराग परागकोशात बंद असतात, वांग्याच्या परागकोशाला तर फक्त टोकाशी बारीक छिद्र असते. ही माशी फूल पकडून छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग बाहेर झटकून घेते. नेहमीच्या मधमाश्यांना हे जमत नाही, भुंग्याला जमते. ज्या जिल्ह्यात गिरणाऱ्याला टोमॅटोचा बाजार भरतो, तेथे या माशीला सर्वांच्या तोंडी असलेले नाव असू नये, याची मला खंत वाटते. मी तिला निळपट्टी म्हणते. कोणाला गावाकडचे नाव ठाऊक असल्यास जरूर कळवावे.

नोव्हेंबरमधील नोंद लिहिणे जड जाते. शेजारच्या इमारतीच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसले होते. पोळ्यावर कोणी शत्रू आला की सगळ्या माश्या पोटे उचलून लाट उठवतात, ती मी गच्चीवरून कितीदा पाहिली होती. लहान मुलांच्या काळजीने रहिवाशांची बैठक झाली. ती काळजी खोटी नव्हती. आग्याचा हल्ला जीवघेणा ठरू शकतो, आणि जिन्याच्या तोंडाशी मोहोळ असते तर ते हलवावे असेच मीही म्हटले असते. हे मात्र सहाव्या मजल्याच्याही वर होते आणि फुलोरा संपल्यावर ते आपणहून गेले असते. एका कंत्राटदाराने रात्री मशाल लावून ते जाळले. सकाळी वाहनतळावर मेलेल्या माश्यांचा थर होता, आणि वाचलेल्या माश्या दोन दिवस पिसाळल्यागत फिरत होत्या, म्हणजे मुलांना खरा धोका त्या दोन दिवसांतच होता.

नंतरच्या बैठकीत माझ्या माहितीपेक्षा निफाड तालुक्यात कांद्याचे बियाणे घेणाऱ्या एका रहिवाशाचे बोलणे अधिक उपयोगी पडले. डोंगळ्यावरच्या, म्हणजे कांद्याच्या फुलोऱ्यातल्या, फुलात पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कोणीतरी लागतेच. ते म्हणाले, ‘डोंगळ्यांवर माशी नसली तर उळं, म्हणजे बी, भरत नाही. आम्ही पैसे मोजून मधमाश्यांच्या पेट्या आणतो, आणि फवारणी सायंकाळीच करतो.’ यापुढे मोहोळ दिसल्यास त्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवायचे आणि निर्णयापूर्वी आम्हा दोघांना बोलवायचे, एवढे तरी त्या दिवशी ठरले.

गांधीलमाशीच्या बाबतीत मला अजून यश आलेले नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या साध्या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला, हे सांगितले की लोक कौतुकाने ऐकतात आणि मग झाडू कोठे ठेवला आहे ते विचारतात. मी आता उंबरापासून सुरुवात करते. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही, कारण ती शेकडो फुले आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत असतात. त्यांच्यापर्यंत पोचते ती फक्त मुंगीहून लहान अशी एक माशी, आणि ती गांधीलमाशीच्याच दूरच्या गोतातील आहे. ती इवल्या छिद्रातून आत शिरते, पराग देते, अंडी घालते आणि आतच मरते. फोडलेल्या उंबरातून उडणारी केंबरे म्हणजे बहुतांशी तिची आणि तिच्या भाऊबंदांची पिल्ले. वडाचेही असेच आहे, त्याची माशी वेगळी. ज्या पाच वडांवरून पंचवटीला नाव मिळाले, त्यांचे बीसुद्धा अशाच माशीवाचून धरत नाही. हे ऐकल्यावर आजींनी तळमजल्याच्या पायरीपाशी उभ्या असलेल्या औदुंबराकडे बराच वेळ पाहिले.

फेब्रुवारीअखेरची स्थिती अशी आहे: ४० पैकी १७ नळ्या बंद आहेत, त्यांतील ११ पानांच्या आणि ६ मातीच्या बुचाच्या. दोन बुचांना बाजूने बारीक छिद्र पडले आहे, तेथे बहुधा परोपजीवी माशीचा शिरकाव झाला असावा. ४ मिलिमीटरच्या नळ्यांकडे कोणी फिरकलेले नाही, म्हणून पुढील जुडीत ६ ते ८ मिलिमीटरच्या नळ्या जास्त घेणार आहे. काकूंनी आपल्या गॅलरीसाठी एक जुडी मागितली आहे आणि ती गुलाबाच्या जवळ लावावी की लांब, हे विचारले आहे.