हो, त्याच हिवाळ्यात जायचे

"एवढ्या थंडीत ग्राउंडवर कशाला जायचात काकू?" असं विचारतात, पण खरा प्रश्न थंडीचा नसतोच. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि ही फिरायला कशी काय लागली, हे विचारायचं असतं. तर विचारलंत म्हणून सांगते.

2018 चा डिसेंबर. निफाडला पारा 1.8 वर गेलेला आणि इकडे नाशकातही दात वाजत होते. ह्यांचं तेरावं होऊन नातेवाईक पांगले. पहाटे पाचला जाग यायची आणि उजाडेपर्यंत करायचं काय? गोल्फ क्लब ग्राउंडवर सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप त्यांचा, माझा नाही. उलट मीच टोमणे मारायचे, तुमचं फिरणं कमी न मिसळ जास्त. पण त्यातल्या एक ताई रोज बिल्डिंगखाली येऊन फोन करायच्या, नुसतं बसा म्हणायच्या, म्हणून गेले. पहिले काही दिवस बाकावरच बसून असायचे, एक राउंडसुद्धा मारला नाही.

मग तो दिवस. ग्रुपमधले एक भाऊसाहेब, निफाडकडे त्यांची द्राक्षबाग, रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करत बसलेले, पहाटे ड्रिपचं पाणी सोडून तसेच आले, डोळे लाल, स्वेटरला धुराचा वास. घड तयार व्हायला आलेले आणि थंडीने मणी तडकायला लागले, म्हणजे वर्षाचा पैसा गेला. कुणाला काय बोलावं सुचेना. तर तेच म्हणाले, "बायको म्हणते द्राक्षांना रात्रभर शेक देता, माझे गुडघे दुखतात तर कधी गरम पाण्याची पिशवी नाही दिली." आणि मी हसले. चांगली खळखळून, शेजारचे वळून बघतील अशी.

दुपारपर्यंत बातमी नणंदेकडे. "वहिनी, निदान वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं." मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले, हट्टाने. तब्येतीसाठी जात होते वगैरे नंतर लोकांना सांगायला बरं पडलं.

माझ्यावर वेळ आली नसती तर दुसरीला मीही हेच बोलले असते. आणि नणंदेचं साफ चुकलं असंही म्हणवत नाही, तिचा भाऊ गेला होता, तिच्या बिल्डिंगखाली येऊन फोन करणारं कुणी नव्हतं. तिला एकदा चला म्हणाले असते तर? आली नसती. पण म्हणाले नाही हेही खरंच.

आता बीपीमुळे डॉक्टरांनी ऊन आल्यावर जा सांगितलंय. सातला असते मी तिथे, उरलेलं तिथेच विचारा.