लकव्यानंतरचं ताट

लकवा येऊन गेलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की स्वयंपाकघरात पहिला निर्णय होतो तो ‘यांचं वेगळं, अळणी करायचं’ हा. चार-आठ दिवस ते नेमाने होतं. मग एक दिवस शेजारच्या ताटातल्या लसणीच्या चटणीवर त्यांचा हात जातो, आणि जाणारच! एकट्याने पाणचट वरण खाऊन कोणाचंही पथ्य टिकत नाही. म्हणून कळकळीने सांगणं आहे की वेगळं शिजवू नका. सगळ्या घराचंच मीठ उतरवा. रक्तदाबाची ओढ मुलांतही उतरलेली असते, त्यामुळे त्यात त्यांचंही भलंच आहे.

माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे फार तर छोटा चमचा सपाट भरून. पण फोडणीच्या घाईत चमचा कोण मोजणार? त्यापेक्षा मिठाची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहा. चार माणसांना रोज 20 ग्रॅम धरले तर किलोची पिशवी 50 दिवस जायला हवी. शिवाय पापड, लोणचं, फरसाण, खारी, पाव, सुकी मासळी यांतलं मीठ या पिशवीतून येत नाही, तेव्हा ती दोन महिने पुरली तर हिशेब बरा. महिन्यातच संपत असेल तर हात कुठे सैल सुटतोय ते शोधा.

एका दिवसात मीठ निम्मं केलं की घर बंड करतं. आधी भातातलं, कणकेतलं आणि ताकातलं मीठ बंद करा, कारण ते फारसं जाणवत नाही. मग दर आठवड्याला भाजी-आमटीतलं चिमूट-चिमूट कमी करा. काही आठवड्यांत जिभेला तीच चव पुरेशी वाटू लागते. लिंबू, आमसूल, लसूण, भाजलेलं जिरं, कोथिंबीर सढळ हाताने वापरा. सैंधव म्हणजे पथ्याचं मीठ हा मात्र गैरसमज आहे. तेही मुख्यतः सोडियमच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते अंगाशी येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

आता ताट वाढताना. आपल्या रीतीने वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असतात, पण मेंदू ती बाजू नोंदवत नाही. कोशिंबीर तशीच राहते आणि घरच्यांना वाटतं, नखरे करतात. अशा वेळी ताट थोडं उजवीकडे सरकवा, जेवण अर्ध्यावर आलं की ताट फिरवून द्या, आणि ‘डावीकडे बघा’ असं प्रेमाने सांगत राहा. वरचं मीठ वाढूच नका. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, मग पथ्याचं बघा.

बीपी घरी मोजा, पण नीट. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, आणि तेवढा वेळ गप्पा बंद. हात लुळा असेल तर चांगल्या हातावर मोजा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर आकडा खोटाच वर दिसतो. बहुतेकांना डॉक्टर 130/80 च्या खाली राहायला सांगतात.

आकडा चांगला आला की ‘आता बीपी नॉर्मल आहे’ म्हणून गोळी सोडली जाते. तो गोळीमुळेच नॉर्मल आहे! सोडली की पुन्हा चढतो, आणि त्रास काहीच जाणवत नाही. सात खणांची डबी रविवारी भरून ठेवा. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. एकादशीलाही गोळ्या चुकवायच्या नाहीत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपवासाआधी डॉक्टरांशी बोला, साखर धोकादायक इतकी खाली येऊ शकते.

चालणं दहा-दहा मिनिटांनी सुरू करा. काठी चांगल्या हातात, सोबत्याने कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे राहावं. लुळा हात धरून ओढून उठवू नका, खांदा निखळतो. पायात मागून पट्टा असलेली सँडल हवी, कारण सपाता घसरतात.

मिशरीचं विचारायला लोक संकोचतात, विशेषतः आईला, आजीला. सकाळी दात घासायला लागते तेवढीच, असं त्या म्हणतात. पण ती भाजलेली तंबाखूच, आणि हिरडीतून निकोटीन रक्तात जातंच. डबी लपवून ठेवल्याने भांडणं होतात. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते. फोन लावून द्या आणि बोलताना शेजारी बसा.

आणि गोळ्यांची यादी फ्रिजवर चिकटवून ठेवा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर घड्याळ बघून वेळ लिहा, ती यादी घ्या आणि 108 ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.