तारकर्लीला गेल्यावर जेवायचे कुठे?

तारकर्ली आणि देवबागच्या किनाऱ्यावर समुद्र दिसेल अशा जागी मांडलेल्या टेबलापेक्षा, ज्या घरी आपण उतरलो आहोत त्या घराच्या पडवीत मासे अधिक चांगले मिळतात, असे माझे स्पष्ट मत आहे. मालवणच्या दक्षिणेला काही किलोमीटरांवर तारकर्ली लागते आणि तिथून पुढे एका बाजूला कर्ली नदी व दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र अशी चिंचोळी पट्टी देवबागच्या संगमापर्यंत जाते. या पट्टीवर माडांच्या सावलीत निवास-न्याहारीची कितीतरी घरे आहेत आणि त्यांपैकी अनेकांत घरातल्या बायकाच रांधतात. रिसॉर्टच्या मेनूकार्डावर मात्र पनीर टिक्का, चायनीज आणि मालवणी थाळी शेजारीशेजारी नांदत असतात. अशा ठिकाणी वाटण बहुधा एकच असते आणि मासा कोणताही सांगितला तरी त्याच्या वाट्याला तीच आमटी येते.

घरगुती जेवणाची अट एकच, ती म्हणजे आधी सांगणे. दुपारचे जेवण हवे असेल तर न्याहारीच्या वेळीच किती माणसे जेवणार आणि कोण काय खात नाही हे सांगावे, म्हणजे घरचा माणूस बाजारातून त्या मापाने मासे आणतो आणि नारळाचे वाटण ताजे होते. वडे-सागोतीसाठी, म्हणजे वडे आणि कोंबडीच्या रश्श्यासाठी, तर आदल्या रात्रीच शब्द टाकलेला बरा, कारण वड्यांचे पीठ मळून काही तास ठेवावे लागते आणि गावठी कोंबडी शिजायला आपला वेळ घेतेच. दीड वाजता समुद्रावरून ओल्या कपड्यांनी येऊन ‘काय मिळेल?’ असे विचारणाऱ्याला जे मिळते, त्यावरून मालवणी स्वयंपाकाची परीक्षा करू नये.

काय मागावे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे सवयीने पापलेट आणि सुरमई मागतात, त्यामुळे या दोन माशांची थाळी सर्वांत महाग पडते आणि गर्दीच्या दिवसांत त्यांचे तुकडेही पातळ होत जातात. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, तरी तळहाताहून लहान पापलेट ताटात आले तर मला ते खाववत नाही. माशाला वाढू तरी द्यायला हवे. त्यापेक्षा ‘आज काय आले आहे?’ असे विचारावे. बांगडा ताजा असेल तर त्याचे तिरफळ घातलेले तिखले, म्हणजे दाट तिखट कालवण, मागावे. तिरफळाचा तो किंचित जीभ बधिर करणारा वास बांगड्याच्या तेलकटपणाला जसा आवरतो, तसा दुसरा कोणताही मसाला आवरत नाही. मोरीचे मटण, म्हणजे लहान मुशीचे (शार्क माशाचे) सुके, भाकरीबरोबर खावे. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर त्यांचे खोबरे घालून केलेले सुके असावे. कुर्ल्या (खेकडे) मात्र सवड असेल तरच मागवाव्यात, घाईत त्यांना न्याय मिळत नाही. आमटी उकड्या तांदळाच्या भातावर घ्यावी. सोलकढी आमसुलाची आणि ताज्या नारळाच्या रसाची आहे का, हे पहिल्या घोटात कळते. भडक गुलाबी रंग दिसला तर मी दुसरी वाटी मागत नाही.

सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा दिवस मालवण शहरात जेवण्याचा. १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला पाहून होडीने बंदरावर परतेपर्यंत भूक खवळलेली असते आणि त्याच वेळी सगळ्या होड्यांतली माणसे खानावळींकडे वळतात. चैतन्य आणि अतिथी बांबू ही नावे बहुतेकांना ठाऊक असतात, त्यामुळे तिथे दुपारी ताटकळावे लागण्याची तयारी ठेवावी किंवा साडेबारालाच जाऊन बसावे. बाजारपेठेतून परतताना आले-गुळाचा खाजा घ्यायला विसरू नये.

न्याहारीच्या बाबतीत मी हट्टी आहे. पोहे आणि ब्रेड-ऑम्लेट घरीही मिळते. इथे घावणे आणि नारळाची चटणी, किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांचे सांबार मागावे. मासे न खाणाऱ्या सोबत्यांचीही याने उत्तम सोय होते आणि एखाद्या घरी शिरवाळे (तांदळाच्या शेवया) व गुळ घातलेला नारळाचा रस करण्याची तयारी असेल, तर त्यांना आपला हेवा करण्याचे कारण उरत नाही.

दिवसही पाहावा लागतो. सोमवारी, गुरुवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. पाहुण्यांसाठी करतात, पण ते आधी विचारून घेणे सभ्यपणाचे आहे. आंगणेवाडीच्या जत्रेच्या सुमारास चाकरमान्यांनी गाव भरून जातो, तेव्हा फोन केल्याशिवाय निघू नये. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा मेनूवर पापलेट आणि सुरमई ऐटीत मिरवत असतील तर ती बहुधा बर्फातली समजावीत. त्या दिवसांत खाडीचे मासे, सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरे घातलेली कोशिंबीर) आणि कुळथाची पिठी हे जेवण मला अधिक पटते. कोणत्याही मोसमात, माशाचा भाव आकारावर ठरत असेल तर मासा तव्यावर पडण्यापूर्वीच तो विचारून घ्यावा. किनाऱ्यावर याचा कोणाला राग येत नाही.