मनुष्यदिवसांचा हिशेब : आमच्या फाउंड्रीची वार्षिक उद्योग पाहणी

देशातला एक कामगार वर्षाला किती मूल्य निर्माण करतो, शेतीत किती, कारखान्यात किती, दुकानात किती, हे आकडे पेपरात येतात तेव्हा ते दिल्लीत बसून कोणीतरी तयार करतं एवढंच आपल्याला ठाऊक असतं. त्यातला एक कण आमच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतून गेला आणि तो मी भरला. मी बेळगावातल्या एका बीडकामाच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतून सुटे भाग (कास्टिंग) करणाऱ्या कारखान्यात, हिशेब बघते. जीएसटी, पीएफ, ईएसआय हे रोजचंच. वार्षिक उद्योग पाहणी, म्हणजे एएसआय, मात्र आमच्याकडे पहिल्यांदाच आली. ज्यांच्या टेबलावर पुढं ती येणार आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

नोटीस येते ती सांख्यिकी संकलन कायदा, २००८ खाली. माहिती देणं बंधनकारक असतं. आमच्या मालकांचा पहिला प्रश्न होता, "हे जीएसटीवाल्यांकडं जातंय काय?" तर नाही. दिलेली माहिती फक्त आकडेवारीसाठी वापरायची, कारखान्याचं नाव कुठं उघड करायचं नाही, हे त्याच कायद्यात आहे. हे त्यांना नीट समजावून सांगितलं आणि त्यानंतर एकही कागद मागताना अडचण आली नाही. तुम्हीही सुरुवात इथूनच करा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहिता लागू होईपर्यंत विजेवर चालणारा आणि दहा किंवा जास्त कामगार असलेला, किंवा विजेशिवाय वीस किंवा जास्त कामगार असलेला, कारखाना कायदा १९४८ खाली नोंदलेला कारखाना या पाहणीत येत असे. विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याखाली नोंदलेले विडी-सिगारचे कारखानेही येत, म्हणजे आमच्या निपाणीतले असे कारखाने याच चौकटीत. मोठे कारखाने दरवर्षी धरतात, लहानांतून नमुना काढतात. आमच्यासारखा नमुन्यात आलेला कारखाना आपल्यासारख्या इतर कित्येकांच्या वतीनं बोलतो, आमचा आकडा त्यांच्या संख्येनं गुणला जातो. हे कळल्यावर मला हे काम वरवर उरकायचं नव्हतं.

फॉर्म पोर्टलवर भरायचा असतो, एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षासाठी. त्याचे भाग ए, बी, सी असे जातात. सी मध्ये जमीन, इमारत, यंत्रं. डी मध्ये खेळतं भांडवल. हे ताळेबंदावरून निघतं, त्याला वेळ लागत नाही. एच मध्ये कच्चा माल : पिग आयर्न, भंगार, फेरो सिलिकॉन, बेंटोनाइट, वीज. जे मध्ये तयार माल. इथे एक गोष्ट मला आवडली. विक्री किती झाली यावर उत्पादन ठरत नाही. वर्षभरात जेवढं ओतलं आणि चांगलं निघालं, तेवढ्याला विक्रीचा निव्वळ दर लावून उत्पादनाची किंमत काढतात. मार्चअखेर गोदामात पडून राहिलेलं कास्टिंगही त्या वर्षाच्या कामगारांच्या खात्यावर जमा होतं.

रिजेक्शनचं तसं नाही. फुटलेलं, ब्लो होल पडलेलं कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं, रनर-रायझर, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटांत गोठलेले तुकडे, तेही जातात. ते ना उत्पादनात धरायचं, ना कच्च्या मालात, कारण ते विकलेलंही नाही आणि विकत आणलेलंही नाही. पण ते वितळवायला लागलेली वीज मात्र खर्चात पूर्ण येते. इंडक्शन फर्नेसला टनामागं सहाशे युनिटांच्या आसपास वीज लागते, आणि रिजेक्शनला ती दोनदा लागते. आमचे मोल्डिंगचे मिस्त्री हे तोंडानं वर्षानुवर्षं सांगत होते, ते मला पहिल्यांदा रुपयांत दिसलं.

खरं काम आहे ते ई भागात, माणसांच्या हिशेबात. पगारावरची माणसं किती असं विचारून फॉर्म थांबत नाही. थेट कामावर घेतलेले पुरुष, थेट घेतलेल्या बायका, ठेकेदाराचे कामगार, देखरेख करणारे, इतर कर्मचारी, आणि शेवटी बिनपगारी काम करणारे मालक व घरची माणसं. प्रत्येकाचे मनुष्यदिवस भरायचे. मनुष्यदिवस म्हणजे प्रत्येक दिवशी, प्रत्येक पाळीत हजर असलेल्या माणसांची बेरीज. एकाच माणसानं सलग दोन पाळ्या केल्या तर ते दोन धरायचे. या बेरजेला कारखाना चालू असलेल्या दिवसांनी भागलं की सरासरी माणसं मिळतात.

आमच्या वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, रोज दुपारी येऊन डिस्पॅचचं बघतात. चलन त्यांच्या हातून गेल्याशिवाय गाडी हलत नाही. पगार घेत नाहीत. मी त्यांचे दिवस धरले तेव्हा मालक म्हणाले, "हिला कशाला घालूलालीस ग त्यात? घरचंच माणूस की." मी म्हटलं, "मालक, घरच्या माणसासाठीच तो रकाना ठेवलाय. त्यांना सोडलं तर कमी माणसांत जास्त काम झालं असं खोटंच दिसेल." वहिनींनी स्वतःच डिस्पॅचच्या वहीवरून आपले दिवस मोजून दिले.

ठेकेदाराच्या माणसांचं जास्त अवघड. फेटलिंग आणि ग्राइंडिंगला, म्हणजे ओतलेलं कास्टिंग साफ करून घासायला, आमच्याकडं सगळे ठेक्यावरचे. त्यांचं मस्टर, म्हणजे हजेरीवही, ठेकेदाराकडं, आमच्याकडं फक्त महिन्याचं बिल, तेही टनाच्या दरानं. बिलावरून माणसं काढता येत नाहीत. अंदाजानं भरलं तरी चालतं, असा सल्ला मला मिळाला होता. पण विचार करा. संघटित कारखान्यांतले सुमारे ४० टक्के कामगार आज ठेकेदारामार्फत येतात. ते प्रत्येकानं अंदाजानं भरले, तर देशाच्या उत्पादकतेचा भाजकच अंदाजाचा होईल. वरचा आकडा, म्हणजे मूल्य, पावत्यांवरून पै-पैसा जुळतो. खाली भागायला घेतलेली माणसं मात्र कुणाच्या तरी खिशातल्या डायरीत असतात. मी मस्टरच्या मागं लागले. ठेकेदार चांगला माणूस आहे, त्यानं पेन्सिलनं लिहिलेल्या वह्या आणून दिल्या, आणि पाळीवार बेरीज आम्ही दोघांनी बसून केली.

त्यात आषाढ लगेच ओळखू आला. पानं जवळजवळ कोरी. भातलावणी. आमची ही माणसं खानापूर तालुक्यातली आणि चंदगडकडची, पाऊस लागला की रोप लावायला घरी जातात, मग फेटलिंगला माल साठत जातो. त्यामुळं बिलांतलं टनेज बघून जेवढी माणसं वाटावीत ती आणि वह्यांवरून निघालेली सरासरी यांत चांगलीच तफावत आली. भरलेल्या फॉर्मच्या छाननीत पाहणीच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं. ते कन्नड बोलणारे, पण बेळगावात बरीच वर्षं काढलेले. मी वह्या पुढं केल्या. "लावणी काय?" म्हणाले, आणि शेरा टाकून पुढं गेले.

हीच लावणी शेतीच्या आकड्यात वेगळी दिसते, म्हणून थोडं विषयांतर करते. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या २०२३-२४ च्या आकड्यांत देशातल्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतीत आहेत, आणि शेतीचा वाटा देशाच्या मूल्यवर्धनात, म्हणजे उत्पादनाच्या किमतीतून लागलेला माल वजा करून उरतं त्यात, १८ टक्क्यांच्या आसपास. भागाकार केला की शेतकरी आळशी वाटावा इतका आकडा खाली जातो. पण या सर्वेक्षणात वर्षातून ३० दिवस दुय्यम काम केलं तरी माणूस काम करणाऱ्यांत मोजतात. लावणी-कापणीला उभी राहणारी घरची बाई पूर्ण एक डोकं म्हणून भाजकात बसते. आमच्या कारखान्यात मी पाळी मोजली, तिथे डोकं मोजलं. दोन क्षेत्रांची तुलना करायची तर तासांत करायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यानंतरही शेतीचा आकडा कमीच राहील, पण निदान खरा असेल.

आता सीमेची गोष्ट. ठेक्यावरची निम्मी माणसं तुडये, शिनोळीकडून सकाळी वेंगुर्ला रस्त्यानं येतात, म्हणजे महाराष्ट्रातून. आमचा कारखाना कर्नाटकात, त्यामुळं त्यांनी घासून काढलेल्या कास्टिंगचं मूल्य कर्नाटकाच्या खात्यात. एएसआयच्या फॉर्ममध्ये कामगार राहतो कुठे हा रकानाच नाही, आणि त्या पाहणीपुरती त्याची गरजही नाही, कारण मूल्य आणि माणसं दोन्ही एकाच कारखान्यातून मोजली जातात. श्रमबल सर्वेक्षण मात्र घरोघर जाऊन होतं. तिथं हाच माणूस कोल्हापूर जिल्ह्याचा कामगार म्हणून नोंदला जातो. कुणी बेळगाव जिल्ह्याचं मूल्य घेऊन त्याला घरगुती सर्वेक्षणातल्या कामगारांनी भागलं, तर आम्ही उगाच जास्त कार्यक्षम दिसू आणि चंदगड उगाच कमी. उलटंही आहेच, शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत बेळगावची माणसं जातात. देशाच्या बेरजेत हे मिटून जातं. पण जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत जिल्हा हा मूळ स्तर धरला आहे, म्हणजे जिल्हावार आकडे आता जास्त बघितले जाणार. आमच्यासारख्या भागात ते बघताना वरचा आकडा कुठला आणि खालचा कुठला हे आधी विचारावं लागेल. साहेबांशी मी हे बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शिनोळीहून येणाऱ्यांबद्दल बरंच विचारलं.

जॉब वर्कवर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. आमचं काही काम स्वतःच्या मालाचं, काही गिऱ्हाइकानं धातू देऊन करून घेतलेलं. समजा, स्वतःच्या मालाचं एक टन कास्टिंग ९० हजारांना विकलं आणि त्यात धातू, वीज, बेंटोनाइट मिळून ७० हजार गेले. मूल्यवर्धन २० हजार. आता गिऱ्हाइकानं ५० हजारांचा धातू स्वतः दिला, आम्ही मजुरी ४० हजार घेतली, आमचा खर्च २० हजार. मूल्यवर्धन पुन्हा २० हजारच. उलाढाल बघितली तर पहिला कारखाना दुपटीनं मोठा, काम तेवढंच. म्हणून जॉब वर्कची मजुरी जे भागात न घालता जी भागात घालायची आणि गिऱ्हाइकाचा धातू कच्च्या मालात धरायचा नाही. चलनं एकत्र ठेवली असतील तर हे वेगळं करता करता डोळे दुखतात.

याच उदाहरणावरून किमतींचा घोळही समजतो. पुढच्या वर्षी खर्च ७० चा ७६ हजार झाला आणि गिऱ्हाइकानं दर जेमतेम ९२ केला, तर मूल्यवर्धन १६ वर येतं. टनेज तेच, माणसं तीच, उत्पादकता मात्र एक पंचमांश घटली असं दिसेल. यावर उपाय म्हणजे उत्पादनाच्या आणि कच्च्या मालाच्या किमती वेगवेगळ्या निर्देशांकांनी जुन्या वर्षावर आणायच्या आणि मग वजाबाकी करायची. याला दुहेरी अपस्फीती म्हणतात. २०११-१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मालिकेत शेतीसाठी ही पद्धत होती, कारखानदारीसाठी मूल्यवर्धनालाच एका निर्देशांकानं भागत. आमच्या उदाहरणात तसं भागलं तर १६ सुद्धा राहत नाहीत. पिग आयर्नचे भाव ज्यांनी वर जाताना बघितले आहेत त्यांना यातला अन्याय वेगळा सांगावा लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या केएलईएमएस आकडेवारीत १९८०-८१ पासून २७ उद्योगांसाठी भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा यांचा वेगवेगळा हिशेब आहे. उद्योगाची उत्पादकता खरोखर वाढली की नुसते भाव हलले, हे बघायला मी तिथं जाते.

छाननीत आणखी किरकोळ शंका आल्या, त्यातली एक कास्टिंग नगांत लिहिली की टनांत याबद्दल. पॅटर्ननुसार नगाचं वजन काढून ते टनांत केलं आणि फॉर्म मंजूर झाला.

त्यानंतर मालकांनी हाच हिशेब आमच्यापुरता मागितला : दर महिन्याचं मूल्यवर्धन, भागिले त्या महिन्याचे मनुष्यदिवस. या एप्रिलपासून तो निघतो आहे. ठेकेदाराचं मस्टर महिनाअखेरीला माझ्याकडं येतं, पाळीसह. जॉब वर्कची चलनं वेगळ्या फाइलला लागतात. रिजेक्शनचं वजन भट्टीच्या प्रत्येक हीटला (एका वेळच्या वितळणीला) लिहिलं जातं, आणि ते मोल्डिंगचे मिस्त्री स्वतः लिहितात.