काचेची पेटी

दरवर्षी जानेवारीत आमच्या डीलर मंडळींची बैठक ठरवायचं काम माझ्याकडे असतं. एरवी हायवेवरचं मोठं हॉटेल, गारेगार हॉल, आणि पाच वाजले की पार्किंग रिकामं. यंदा मी हट्टानं माथेरान ठरवलं. एका कुटुंबानं चालवलेलं 14 खोल्यांचं हॉटेल, जेवणघराला लागून 30 खुर्च्या मावतील एवढा हॉल. आम्ही 22 जण.

दस्तुरी नाक्यापुढे आपली गाडी जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा अर्थ सामान उतरवताना कळतो. 1907 पासूनची छोटी रेल्वेगाडी आहे, नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून तिची शटलही मिळते, पण रांग पाहून आम्ही चालत निघालो. प्रोजेक्टरची पेटी एका हमाल मावशींनी घेतली. डोक्यावर चुंबळ नीट बसवली आणि विचारलं, "ताई, काच हाय का हिच्यात?" हो म्हटल्यावर त्या तांबड्या वाटेच्या कडेकडेनं, जिथे दगड कमी तिथून, हळू चालत राहिल्या. पेटी जरासुद्धा कलली नाही.

खोल्या साध्या होत्या. जाड गादी, धुतलेली पांढरी चादर, कढत पाणी, माकडांमुळे खिडक्यांना जाळी. गादी, गिझर, गॅस, दूध, सगळं घोड्यावरून, हातगाडीवरून नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावरून वर येतं. मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्या हिशोबात हमाली आधी, किराणा नंतर." दोन रात्रींच्या भाड्यात मी घासाघीस केली नाही. इथे ती करूही नये, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या दिवशी विक्रीचे आकडे झाले, ते नेहमीचेच. खरी बैठक रात्री व्हरांड्यात, कॅरमभोवती झाली. घरी पळायला गाडी नव्हती. सहा वर्षं कोपऱ्यात गप्प बसणारे आमचे सांगलीचे डीलर सोंगटी मारता मारता म्हणाले, "बदली माल यायला दोन महिने लागतात हो. गिऱ्हाईक माझ्या दारात येऊन उभं राहतं." साहेबांनी स्ट्रायकर खाली ठेवला. पुढचा तासभर कुणी खेळलंच नाही. पहाटे पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय बघायला निघालो, तेव्हाही ते दोघं मागे राहून तेच बोलत होते. उतरायच्या आत बदली मालासाठी 15 दिवसांची मुदत कागदावर आली.

निघताना हॉटेलच्या फाटकाशी त्याच मावशी उभ्या होत्या. पेटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काचेची ती मला द्या."